दर मे महिन्यात तोड, दर चवथीला काळोख: लाईनखालच्या झाडांचे करायचे काय?

गोव्यातल्या फोंडा, सत्तरी, डिचोली, सांगे या भागांत राहणाऱ्यांना ही तक्रार समजावून सांगावी लागत नाही. एप्रिल-मेमध्ये शटडाऊनच्या सूचना येतात, दिवसभर पंखे बंद ठेवून आपण घाम पुसत बसतो आणि संध्याकाळी बघतो तर रस्त्याकडेला फांद्यांचे ढीग. जून बरा जातो. जुलैपासून कुरबूर सुरू होते आणि चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, माटोळी (गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट) बांधायला घ्यावी तर वाऱ्याचा एक झोत येतो आणि करंट जातो. मग घरोघरी एकच वाक्य: वीज खात्याने यंदा झाडे कापलीच नाहीत.

लाईनच्या कामावर बरीच वर्षे काढल्यावर माझे मत वेगळे झाले आहे. झाडे बहुतेक ठिकाणी कापलेली असतात. पण सगळी एकाच महिन्यात, एकाच उंचीवर, एकाच कोयत्याने. पुढे जून ते सप्टेंबर हा आपल्याकडचा वाढीचा हंगाम, आणि मुळांत साठवण भरपूर असलेले झाड त्या छाटणीला दुप्पट जोराने उत्तर देते. मेमधली सरसकट तोड ही गरजेची आहे, पण तेवढ्यावर थांबलो तर पुढच्या वर्षीचे काम आपणच पेरून ठेवतो.

आधी बघा, दोष झाडाचाच आहे का

तिसऱ्याच कारणासाठी झाडावर कुऱ्हाड चालवणारे गाव मी पाहिले आहेत. म्हणून करंट कधी जातो ते आधी नीट आठवा.

वारा नसताना, नुसत्या भुरभुर पावसात किंवा पहिल्याच सरीला लाईन ट्रिप होत (आपोआप बंद पडत) असेल तर संशय चिमणीवर घ्या. खांबावरचे चिनीमातीचे इन्सुलेटर, ज्यांना लाईनमन चिमण्या म्हणतात, ते उन्हात तापून तडकतात, त्यांच्यावर धूळ बसते, किनाऱ्याकडे तर खाऱ्या वाऱ्याचा मिठाचा थरही बसतो. त्यावर थोडे पाणी पडले की पृष्ठभागावरून वीज खांबात उतरते. इथे अख्खी राई कापली तरी फरक पडणार नाही. जोराचा पाऊस मीठ धुऊन नेतो म्हणून दोन दिवसांनी सगळे आपोआप ठीक होते आणि लोकांना वाटते, कापलेल्या फांदीमुळेच झाले.

झोत आला की दिवे मिचकावतात, झोत गेला की स्थिर होतात, रात्री एका विशिष्ट जागी निळसर ठिणगी दिसते, झाडाच्या एकाच बाजूची पाने करपलेली आहेत: हे झाडाचे लक्षण. फक्त तुमच्या वाड्यावरचा करंट जातो की पूर्ण गावाचा, हेही बघा. ट्रान्सफॉर्मरजवळचा डीओ फ्यूज (उडाला की खाली लोंबणारा फ्यूज) उडाला असेल तर दोष त्याच्या पुढच्या तुकड्यात शोधायचा. सबस्टेशनवर फीडरच (तिथून निघणारी मुख्य लाईन) ट्रिप होत असेल तर शोध लांबवर जातो.

तिसरा प्रकार फसवा आहे. मे महिन्यातली कडक दुपार, वारा शून्य, आणि लाईन ट्रिप. तार उन्हाने आणि भाराने तापते, तापली की लांबते आणि गाळ्याच्या, म्हणजे दोन खांबांमधल्या अंतराच्या, मध्यावर खाली झोळते. सकाळी हातभर अंतरावर असलेली फांदी दुपारी टेकते. हे लहानसे वाटते, पण १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेतल्या ओहायोत ३४५ केव्हीच्या तारा अशाच झोळून खालच्या झाडांना टेकल्या, एकामागून एक लाईन बाद झाली आणि अमेरिका-कॅनडातले सुमारे ५ कोटी लोक काळोखात गेले. म्हणून फांदीचे अंतर सकाळी थंडीत मोजून समाधान मानू नका. खांबाजवळच्या झाडापेक्षा गाळ्याच्या मध्यावरचे झाड जास्त त्रासाचे, कारण तार तिथेच सर्वांत जास्त झोळते आणि वाऱ्यात तिथेच सर्वांत जास्त हेलकावते.

किती अंतर हवे, याला ठरलेले आकडे आहेत. वनजमिनीतून जाणाऱ्या लाईनसाठी केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या सूचनांत ११ केव्हीला ७ मीटर रुंदीचा पट्टा आणि तार ते झाड किमान २.६ मीटर, ३३ केव्हीला १५ मीटर आणि २.८ मीटर, ११० केव्हीला २२ मीटर आणि ३.७ मीटर, तर २२० केव्हीला ३५ मीटर आणि ४.६ मीटर असे धरलेले आहे. हे अंतर बारा महिने राहायला हवे. मेमध्ये बरोबर २.६ मीटर सोडले तर ऑगस्टमध्ये किती उरेल हे झाडावर अवलंबून आहे, आणि खरा विषय तिथून सुरू होतो.

माड

माडाला शेंडा एकच. तो छाटला की माड मेला, त्यामुळे 'थोडा वरून कमी करा' हा सल्ला इथे चालत नाही. माड उंच होऊन तारेच्या वर गेला की बुंध्याचा त्रास नसतो, त्रास चुडतांचा, म्हणजे झावळ्यांचा. चांगला माड वर्षाला बारा-चौदा नवी चुडते काढतो आणि तेवढीच जुनी टाकतो, म्हणजे साधारण महिन्याला एक. हे चार-पाच मीटरचे ओले चुडत दोन फेजवर आडवे पडले की काम तमाम. कधी ते तसेच अडकून राहते, धुमसते, आणि फ्यूज घातला रे घातला की परत उडतो. लाईनमन तीनदा फ्यूज बदलून जातो, चौथ्यांदा कोणीतरी बॅटरी वर मारून बघते.

यावर चालणारे उपाय मोजके. एक, पावसापूर्वी शटडाऊन घेतलेल्या दिवशीच पाडेल्याला (नारळ पाडणाऱ्याला) चढवून तारेच्या बाजूची सुकी आणि खाली कललेली चुडते काढणे. हिरवी चुडते सरसकट काढू नयेत, कारण प्रत्येक चुडताच्या बेचक्यातून एक पोय (फुलोरा) येते. चुडत गेले की नारळाचा तो घड गेला आणि भाटकार (भाटाचा, म्हणजे बागेचा मालक) पुढच्या वर्षी माणसाला भाटात पाऊल टाकू देणार नाही. दोन, घरगुती लाईन माडांमधून जात असेल तर उघड्या तारांच्या जागी एबी केबल (आवरण असलेल्या तारांची एकत्र पिळलेली केबल) मागणे. या एका कामाने जेवढा फरक पडतो तेवढा दहा वर्षांच्या छाटणीने पडत नाही. तीन, लाईनखाली कोणी नवा माड लावला असेल तर तो लहान असतानाच उपटून दुसरीकडे लावणे. 'ठेंगणी जात आहे, वर जाणार नाही' यावर विश्वास ठेवू नका; ठेंगणा माडही काही वर्षांत घरगुती तारेपर्यंत पोचतो.

माड तोडण्याची भाषा गोव्यात जपून करावी. २०१६ साली माडाला गोव्याच्या वृक्षसंरक्षण कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून वगळल्यावर केवढा गदारोळ उठला होता हे आठवत असेल. पुढे सरकारलाच माडाला राज्यवृक्ष म्हणावे लागले.

पोफळीचे गणित वेगळे नाही, फक्त ती चुडतापेक्षा स्वतःच आडवी पडून त्रास देते. कुळागराच्या (पोफळीच्या बागेच्या) कडेने लाईन जात असेल तर कडेची ओळ पोफळीऐवजी दुसऱ्या कशाची असावी.

बांबू

मेमध्ये बांबू कापणे म्हणजे निव्वळ मजुरी वाया. तेव्हा आपण गेल्या वर्षीच्या काठ्या कापतो. यंदाचा कोंब अजून जमिनीखाली असतो. पाऊस लागला की तो वर येतो आणि दोन-चार महिन्यांत आपली पूर्ण उंची गाठतो. नंतर तो ना उंच होत ना जाड. म्हणजे जुलै ते सप्टेंबर या काळातच बांबू तारेपर्यंत पोचतो, नेमका चवथीला. शिवाय पावसाने पाने जड झाली की काठी कमानीसारखी वाकते आणि बेटापासून बरीच लांब असलेली तारही गाठते.

इलाज साधा आणि पोटाला हितकारक: तारेच्या बाजूला आलेले कोंब कोवळे असताना, गुडघ्याएवढे असतानाच काढायचे. हे कोवळे कोंब, म्हणजे किल्ल, आपण आवडीने खातोच. हे काम जमिनीवर उभे राहून होते, शिडी नको, शटडाऊन नको, लाईनमन नको. ओळीने काही वर्षे एकाच बाजूचे कोंब काढले की बेट त्या बाजूने थकते आणि दुसऱ्या बाजूला सरकते. २०१७ मध्ये भारतीय वन कायद्यातल्या वृक्षाच्या व्याख्येतून बांबू काढून टाकला, त्यामुळे खासगी जागेतल्या बेटासाठी परवानगीचे घोडेही फारसे अडत नाही. एवढे असूनही गावोगाव बांबू मेमध्येच का कापतात, याला कंत्राट मेमध्ये निघते याखेरीज दुसरे उत्तर मला सापडलेले नाही.

आंबा, फणस आणि मोठी सावलीची झाडे

इथे सर्वांत जास्त नुकसान करणारी पद्धत म्हणजे तारेखाली सपाट रेषेत शेंडा उडवणे. दिसायला काम झाल्यासारखे दिसते. पण जाड फांदी मध्येच कापली की कापलेल्या तोंडाभोवती डझनभर सरळसोट फुटवे येतात. ते सालीलगतच्या भागातून आलेले असतात, मुळाशी पकड कच्ची, वाढ मात्र झपाट्याची. दोन पावसांत झाड तारेत आधीपेक्षा दाट घुसते आणि हे नवे फुटवे वाऱ्यात सहज मोडतात. मधल्या तोंडातून पाणी शिरून खोड कुजते ते वेगळेच.

बरोबर पद्धत म्हणजे दिशा देऊन छाटणे. तारेकडे जाणारी फांदी तिच्या उगमापाशी, जिथे ती मोठ्या फांदीला मिळते तिथे कापायची. तिथे सालीचा फुगीर कंगोरा असतो, तो शाबूत ठेवायचा, कारण जखम तिथूनच भरून येते. मुख्य फांदी आखूड करायची असेल तर तिच्या निदान एक तृतीयांश जाडीची, तारेपासून दूर जाणारी उपफांदी बघून तिच्या वर कापायचे. मग झाडाचा जोर त्या उपफांदीत जातो, फुटवे कमी येतात. जड फांदीला आधी खालून थोडा काप, मग त्याच्या बाहेरून वरून काप, आणि उरलेला खुंट शेवटी. नाहीतर साल बुंध्यापर्यंत सोलून येते. झाड बघायला विचित्र दिसेल, एका बाजूला वाकलेले किंवा मधोमध खिडकी पडलेले. दिसू दे. अशी नीट छाटणी केलेले झाड पुढची काही वर्षे हलके काम मागते.

भाटकाराशी वाद टाळायचा असेल तर वेळ त्याच्या सोयीची धरा. आंबे उतरले की लगेच छाटले तर नवी पालवी डिसेंबर-जानेवारीच्या मोहोरापर्यंत पक्व होते. तेच झाड नोव्हेंबरात छाटले की त्या बाजूचा मोहोर गेलाच. फणसाला ही भीती कमी, कारण त्याचे फळ खोडावर आणि जाड फांद्यांवर लागते. बारीक फांद्या गेल्या तरी फणस येतात. हे समजावून सांगितले की बहुतेक लोक ऐकतात. फांद्या ओढ्यात न टाकता रचून द्यायचे कबूल केले तर आणखी ऐकतात.

आकेशिया: पट्ट्याबाहेरून येणारा शत्रू

वन खात्याने आणि खाणवाल्यांनी सड्यांवर, रस्त्याकडेला, खाणींच्या ढिगांवर लावलेली ऑस्ट्रेलियन आकेशिया आता सगळीकडे आहे. लाकूड ठिसूळ, आणि जांभ्या दगडावर मूळ उथळ. हे झाड वाढून तारेला टेकत नाही, मोडून किंवा मुळासकट उलटून तारेवर पडते. त्यामुळे पट्टा कितीही साफ ठेवा, पट्ट्याबाहेरचे उंच झाड तारेपर्यंत पोचण्याइतके जवळ असेल तर धोका तसाच. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने आडव्या केलेल्या झाडांनी खांब-तारा ओढून नेल्या, तेव्हा पट्ट्यातली छाटणी फार कामी आली नाही. अशा ठिकाणी फांद्या छाटत बसू नये. वाकलेले, पोकळ, मुळे उघडी पडलेले झाड हेरून रीतसर परवानगीने जमिनीलगत तोडावे. आकेशियाला फुटवा कमजोर, म्हणून जमिनीलगत तोडली की खुंट बहुधा शांत राहतो. मात्र बियांचा साठा मातीत असतो, पुढच्या पावसात रोपांची गर्दी होते, ती हाताने उपटायची.

साग, किंदळ, गिरिपुष्प: तोडल्यावर चवताळणारी

यांचा खुंट मेला असे समजू नका. सागाचा फुटवा एका पावसात माणसाच्या डोक्यावर जातो. पावसापूर्वीच्या सुप्त काळात तोडले तर मुळांतला साठा पूर्ण भरलेला असतो, म्हणून फुटवा सर्वांत जोमदार. याउलट नवी पाने पूर्ण उघडून गेल्यावर, म्हणजे ऑगस्टच्या मध्यापासून पुढे, मुळे रिकामी झालेली असतात. तेव्हा फुटवे मोडले तर झाडाला पुन्हा भांडवल उभे करायला वेळ मिळत नाही. म्हणून माझा आग्रह: मेमधली तोड करा, पण कंत्राटाचा एक हिस्सा ऑगस्ट-सप्टेंबरसाठी राखून ठेवा. दुसरी फेरी खर्चाने लहान असते, कारण फुटवे अंगठ्याएवढे असतात आणि हातकोयत्याने निघतात.

तणनाशक? परदेशात कापलेल्या खुंटाच्या कडेला औषध लावून फुटवा थांबवतात आणि ते परिणामकारक आहे, यात वाद नाही. पण ग्लायफोसेट या तणनाशकावर केंद्राने ऑक्टोबर २०२२ मध्ये निर्बंध घालून त्याचा वापर कीडनियंत्रण व्यावसायिकांपुरता ठेवला, आणि आपल्याकडे लाईनखालून वाहणारे पाणी कुळागराच्या पाटात आणि विहिरीत जाते. फवारणीला माझा स्पष्ट विरोध आहे. जेसीबीने पट्टा खरवडण्यालाही. उतारावरची माती गेली की खांबाचा पाया उघडा पडतो आणि उघड्या मातीत रानमोडीचे तण सर्वांत आधी येते. मार्च महिन्यात पट्टा जाळणे तर दुहेरी मूर्खपणा: धूर आणि काजळीतून तारेवरून वीज उतरू शकते, आणि राखेतून परत रानमोडीच उगवते.

रिकामा पट्टा रिकामा राहत नाही

पेनसिल्व्हेनियात, शिकारीसाठी राखलेल्या एका सरकारी जंगलातून जाणाऱ्या लाईनखाली १९५० च्या दशकात एक प्रयोग सुरू झाला. लाईनखालच्या फवारणीने हरणांचे काय होणार, अशी शिकाऱ्यांची ओरड होती. ब्रॅम्बल आणि बर्न्स या दोन संशोधकांनी हाताने तोडलेले तुकडे आणि वेगवेगळ्या प्रकारे औषध दिलेले तुकडे शेजारी शेजारी ठेवून वर्षानुवर्षे मोजमाप केले. नुसते तोडलेल्या तुकड्यांत झाडांचे फुटवे सर्वांत दाट आले. जिथे फक्त उंच होणारी झाडे वेचून काढली आणि बुटकी झुडपे, गवत, नेचे राहू दिले, तिथे त्या दाट आच्छादनाने नव्या झाडांना रुजूच दिले नाही. त्यातून तारेच्या अगदी खाली गवत-झुडपे आणि दोन्ही कडांना बुटकी झाडे, अशी मांडणी पुढे आली.

औषध सोडा, तत्त्व घ्या. करवंदाची जाळी, पिटकुळी, दिंडा या बुटक्या झुडपांना आमचे मजूर सर्वांत आधी साफ करतात, कारण ती हाताला लागतात आणि 'पट्टा स्वच्छ' दिसतो. वास्तविक ती आपल्या बाजूची आहेत. कोयता देताना मजुराला सांगा की हे ठेव, साग काढ, आकेशिया काढ. खासगी भाटात तर तारेखाली अननस, सुरण, हळद, अळू लावता येते. जमीनमालकाला उत्पन्न आणि त्याच्याच फेऱ्यांमुळे देखरेख. मिरीचा वेल मात्र नको, आणि खांबाच्या ताणतारेवर चढणारा कुठलाच वेल नको. तो वर तारेपर्यंत पोचतो. जमिनीपाशी मूळ तोडून वेल जागीच सुकू द्या. ओला वेल ओढून काढायला जाऊ नका.

तोडण्यापेक्षा लाईन बदलणे कधी परवडते

एकाच गाळ्यात दरवर्षी तोच त्रास होत असेल आणि तिथले झाड काढण्यासारखे नसेल, तर मधे एक खांब वाढवून झोळ कमी करणे, उंच खांब घालणे किंवा लाईन रस्त्याच्या बाजूला सरकवणे हे बोलून बघा. एबी केबल फांदीचा स्पर्श सहन करते, पण फांदी सतत घासत राहिली तर तिचेही आवरण झिजते, तेव्हा 'केबल घातली, आता छाटणी नको' असे नाही. भूमिगत केबल सर्वांत शांत, फक्त जांभा फोडून घालायला खर्चिक, आणि रस्त्याच्या किंवा पाण्याच्या कामाला आलेल्या जेसीबीने तोडली की दोष शोधायला वेळ लागतो.

अर्ज कसा करावा

'झाडे कापा' एवढाच अर्ज फाईलमध्ये राहतो. खांबांचे क्रमांक, कोणत्या दोन खांबांमधला गाळा, झाडाचे नाव, ते वाढून टेकते की पडण्याच्या बेतात आहे, ट्रिप कधी आणि कोणत्या हवेत होते, आणि जमीन कोणाची, हे लिहा. लांबून काढलेला फोटो जोडा. तातडीचे असेल तर १९१२ या वीज हेल्पलाईनवर कळवा आणि तक्रार क्रमांक घ्या.

मालक नाही म्हणत असेल तर वीज कायदा २००३ चे कलम ६८ माहीत असू द्या. त्यानुसार खात्याच्या अर्जावर कार्यकारी दंडाधिकारी झाड काढण्याचा किंवा छाटण्याचा आदेश देऊ शकतो, आणि त्या कलमात 'झाड' म्हणजे झुडूप, कुंपण, रान वाढलेलेसुद्धा. पण लाईन यायच्या आधीपासून झाड उभे असेल तर मालकाला भरपाई मिळते, हेही त्याच कलमात आहे. मालकाला हा दुसरा भाग आधी सांगावा. बोलणे सोपे होते. झाड बुंध्यातून तोडायचे असेल तर १९८४ च्या गोव्यातल्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, ती मे उजाडण्याआधी मागा.

तारेजवळचे कुठलेही काम स्वतः करू नका. ओला बांबू, ओले चुडत, नारळ पाडायचा अॅल्युमिनियमचा दांडा, सगळ्यांतून वीज येते. तार तुटून पडली असेल तर निदान दहा मीटर लांब राहा आणि लोकांना थांबवा. शटडाऊनच्या दिवशी घरात जनरेटर लावणार असाल तर मेन स्विच पाडून लावा, नाहीतर तुमच्या घरातली वीज उलटी लाईनवर चढते आणि वर फांदी कापणारा माणूस 'लाईन बंद आहे' या भरवशावर असतो. ऑगस्टच्या दुसऱ्या फेरीचा अर्ज मेच्या अर्जासोबतच द्या. जुलैत दिला तर मंजुरी येईपर्यंत चवथ होऊन जाते.